विशेष शाळेचं पहिलं वर्ष: नव्या पालकांनी काय, कधी आणि कसं करायचं

विशेष शाळेत पहिल्यांदा जाणाऱ्या लहान मुलांपैकी अनेकांना "शू लागली", "तो आवाज नको", "बूट टोचतोय" हे शब्दांत सांगता येत नाही. घरी ते सांगावंही लागत नाही. आई मान वळवण्याच्या ढंगावरून ओळखते, बाबा नुसत्या हुंकारावरून. शाळेच्या पहिल्या दिवशी मात्र हे ओळखणारं माणूस दाराबाहेर थांबतं आणि मूल आत जातं. संध्याकाळी उलटं होतं. दिवसभर काय घडलं हे ज्याला माहीत आहे ते मूल घरी येतं, पण सांगू शकत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांतल्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच कामासाठी आहे: मुलाबद्दल तुम्हाला जे कळतं ते शाळेच्या हाती द्यायचं आणि शाळेत जे घडतं ते घरी आणायचं. मी लहान मुलांच्या विशेष वर्गावर शिकवते. ज्या पालकांनी हे काम पहिल्या दोन-तीन महिन्यांत नीट लावून घेतलं, त्यांच्या मुलांचं रुळणं सोपं झालेलं मी पाहिलं आहे, मग अडचण स्वमग्नतेची असो, सेरेब्रल पाल्सीची असो, डाउन सिंड्रोम असो की अजून नाव न मिळालेली.

आधी तुमच्या मनाबद्दल

प्रवेश पक्का झाला की घरात दोन भावना एकदमच येतात. आता जाणती माणसं सोबत आहेत याचा दिलासा वाटतो, आणि त्याच वेळी मुलाच्या शाळेचं मनात रंगवलेलं चित्र मोडल्याचं दुःखही होतं. दोन्ही खरंच असतं. दिलासा वाटला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका आणि रडू आलं म्हणजे मुलाला स्वीकारलं नाही, असंही समजू नका.

अमेरिकेतले सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल लिहिताना एक मोलाचा मुद्दा मांडला होता. हे दुःख एकदा येऊन संपून जाणारं नसतं. ते आयुष्यभर अधूनमधून वर येतं आणि ते स्वाभाविक आहे, आजार नव्हे. पालकांनी लवकरात लवकर 'स्वीकार' करावा म्हणून तज्ज्ञ मंडळींनी मागे लागण्यावरच त्यांचा आक्षेप होता. शाळेचा पहिला दिवस, शेजारच्या समवयस्क मुलाचा पहिला दिवस, वाढदिवस अशा वेळी हे दुःख उसळतं. ते संपायची वाट न बघता, त्याच्यासकट पुढच्या पायऱ्या चढता येतात.

"विशेष शाळा म्हणजे बाकी दारं बंद का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक पालक विचारतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम २४ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क मांडलेला आहे, आणि जगभर त्या दिशेनं प्रयत्न सुरू आहेत. तेव्हा प्रवेश घेतानाच विचारून ठेवा: मुलाची प्रगती किती दिवसांनी तपासता? सर्वसाधारण शाळेतल्या मुलांबरोबर खेळायची, शिकायची संधी कशी मिळते? यापूर्वी इथून तिकडे गेलेली मुलं आहेत का, आणि त्यांना सोबत कोणी केली? चांगली विशेष शाळा या प्रश्नांनी दुखावत नाही.

पहिली पायरी: शाळा चालू असताना बघा

सुट्टीच्या दिवशी दाखवलेली रिकामी शाळा काही सांगत नाही. मुलं आत असताना जा. रंगवलेल्या भिंती आणि महागडी उपकरणं बघू नका, माणसं बघा.

उत्तर न देणाऱ्या मुलाशी शिक्षिका कशा बोलतात? प्रश्न विचारून त्या थांबतात का? अनेक मुलांना ऐकलेलं समजून प्रतिसाद द्यायला दहा-दहा सेकंद लागतात, आणि घाईची व्यक्ती तोवर तोच प्रश्न तीनदा विचारून मोकळी झालेली असते. व्हीलचेअर ढकलण्याआधी, तोंड पुसण्याआधी, उचलण्याआधी मुलाला सांगतात का? मुलासमोर त्याच्याबद्दल "याला काही कळत नाही" असं बोलतात का? या बारीक गोष्टींवरून दिवसाचे बाकीचे तास कसे जात असतील याचा अंदाज येतो.

"आमची मुलं अगदी शांत बसतात" हे वाक्य कौतुक म्हणून सांगितलं गेलं तर मी सावध होईन. चार-पाच वर्षांची मुलं तासन् तास शांत बसत नाहीत. बसत असतील तर का, हे विचारायला हवं.

स्वच्छतागृह नक्की बघा. तिथे मोठ्या मुलाला आडवं करून डायपर बदलायची सोय आहे का, आडोसा आहे का, कपडे बदलायला कोण मदत करतं? अवघडल्यासारखं वाटलं तरी हे विचाराच, कारण मुलाचा सन्मान आणि सुरक्षितता दोन्ही इथेच दिसतात. एका वर्गात किती मुलं आणि किती मोठी माणसं, शिक्षिका रजेवर असल्या तर कोण येतं, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळ देतात, हेही विचारा. थेरपिस्ट मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन काम करतात की वर्गात येऊन शिक्षिकांनाही शिकवतात? माझ्या मते दुसरी पद्धत असल्याशिवाय पहिलीचा उपयोग थोडाच. अर्ध्या तासाच्या सत्रात शिकलेलं कौशल्य उरलेल्या दिवसात वापरलं गेलं तरच टिकतं.

दुसरी पायरी: मुलाची ओळख एका पानावर

सगळ्या पायऱ्यांपैकी एकच करायला वेळ असेल तर ही करा.

शाळेकडे मुलाची फाइल असते. तिच्यात निदान, बुद्ध्यांक, तपासण्या, टक्केवारी असते. पण "रडायला लागला तर काय करायचं" याचं उत्तर त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. ते तुमच्याजवळ असतं. ते एका पानावर, मोठ्या अक्षरात, मुलाच्या फोटोसह लिहून काढा. एका पानापेक्षा जास्त नको. पाच पानी माहिती कपाटात जाते, एक पान भिंतीवर लागतं आणि बदली आलेली मदतनीस ताईही ते वाचते.

पान मुलाच्या तोंडून लिहिलं तर वाचणाऱ्याची नजरच बदलते. एका काल्पनिक मुलीचं पान साधारण असं असेल:

"मी पाच वर्षांची आहे. मला पाण्यात हात घालायला, झोका आणि ढोलाचा आवाज आवडतो. शिट्टीचा आवाज सहन होत नाही. तो ऐकला की मी कान झाकून खाली बसते. तेव्हा मला ओढून उभं करू नका, आवाजापासून लांब न्या आणि दोन मिनिटं शेजारी बसा. मला बोलता येत नाही, पण मला बरंच समजतं. हवं असेल तर मी तुमचा हात धरून त्या वस्तूपर्यंत नेते. नको असेल तर मान डावीकडे फिरवते. ओठ चावायला लागले की समजा मला शू लागली आहे, फार तर पाच मिनिटं आहेत. मी हसत असले तरी दरवेळी आनंदातच असते असं नाही, घाबरल्यावरही मी हसते. मला उजव्या बाजूनं कमी ऐकू येतं, डावीकडून बोला. मला मागून मिठी मारलेली आवडत नाही. समोर येऊन हात पुढे केलात तर मी टाळी देईन."

या पानात निदानाचं नावसुद्धा नाही, तरी ते वाचून कुणीही या मुलीबरोबर पहिला तास नीट घालवू शकेल. 'हट्टी आहे', 'मूडी आहे', 'त्रास देतो' असे शब्द वापरू नका. त्याऐवजी काय घडतं, त्याआधी काय झालेलं असतं आणि काय केल्यानं बरं वाटतं, हे लिहा. आवडीच्या गोष्टी सगळ्यात आधी घाला. नव्या मुलाशी ओळख करायला शिक्षिकेला सगळ्यात आधी तेच लागतं.

हे पान घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहावं. आईला माहीत नसलेली एखादी खूण आजोबांना माहीत असते, आणि मोठ्या भावंडाला तर बऱ्याचदा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पानाखाली तारीख टाका. ही मुलं बदलतात, म्हणून पानही बदलावं लागतं.

तिसरी पायरी: औषधं, फिट्स आणि खाणं

ही माहिती ओळखीच्या पानात मिसळू नका. तिचा वेगळा कागद करा आणि तो डॉक्टरांकडून तपासून, सही घेऊन द्या.

मुलाला फिट्स येत असतील तर फिट कशी दिसते याचं वर्णन लिहा. सगळ्या फिट्समध्ये हातपाय झटकले जात नाहीत. काही मुलं नुसती काही सेकंद शून्यात बघतात आणि वर्गात ते 'लक्ष नाही' म्हणून मोजलं जातं. डॉक्टरांची परवानगी असेल तर घरी काढलेला एखादा लहान व्हिडिओ शिक्षिकांना दाखवा, तो शंभर शब्दांचं काम करतो. फिट आली की वेळ मोजायची, मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ती आणीबाणी समजायची. तातडीचं औषध दिलेलं असेल तर ते कुठे ठेवलंय, कोण देणार आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरं कोण, हे नावानिशी ठरवा. "कुणीतरी देईल" यावर समाधान मानू नका.

खाण्यापिण्याबाबतही तेवढीच काटेकोर माहिती हवी. गिळायला त्रास असेल तर "मऊ द्या" एवढं पुरत नाही, कारण प्रत्येकाचं मऊ वेगळं. आयडीडीएसआय ही खाण्यापिण्याचे पदार्थ किती पातळ किंवा घट्ट हे ० ते ७ अशा पायऱ्यांनी सांगणारी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. वाचा-उपचारतज्ज्ञांकडून मुलाची पातळी लिहून घ्या. भरवताना मान कशी हवी, चमचा कोणत्या बाजूनं, दोन घासांमध्ये किती थांबायचं, हे एकदा शाळेत स्वतः भरवून दाखवा. नळीनं आहार घेणाऱ्या मुलासाठी तर प्रशिक्षित व्यक्ती ठरल्याशिवाय शाळा सुरूच करू नये.

पाण्याचं विसरू नका. तहान लागल्याचं सांगता न येणारी मुलं शाळेत कमी पाणी पितात, मग बद्धकोष्ठता होते, आणि पोट दुखणारं मूल 'वागणुकीची समस्या' ठरतं. बाटलीवर खूण करून द्या आणि घरी आल्यावर ती तपासा.

आणखी दोन बाबी. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून कोलांटउडी आणि ट्रॅम्पोलिनबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. मान दुखणं, चालण्यात अचानक फरक पडणं, शूवरचा ताबा एकाएकी जाणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका. आणि श्रवणयंत्रातल्या किंवा खेळण्यातल्या बटनासारख्या बॅटऱ्यांवर सगळ्यांचं लक्ष हवं. विशेषतः नाण्यासारखी चपटी लिथियम बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर भाजणं होऊ शकतं. उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट दवाखाना गाठायचा.

चौथी पायरी: घरची उजळणी

शाळा सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी एक छोटं फोटोंचं पुस्तक करा: शाळेचं फाटक, वर्ग, बसायची जागा, स्वच्छतागृह, बाई, मदतनीस, आणि शेवटच्या पानावर न्यायला आलेले आई किंवा बाबा. शेवटचं पान सगळ्यात महत्त्वाचं, कारण लहान मुलाचा खरा प्रश्न 'तुम्ही परत येणार का' हा असतो. हे पुस्तक रोज एकदा बघा. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी 'सामाजिक गोष्टी'ची पद्धत रुजवली, तीही जवळपास अशीच आहे: प्रसंग काय, लोक काय करतात आणि मला काय करता येईल, हे शांत, छोट्या वाक्यांत सांगायचं. ती गोष्ट धाक घालायला वापरायची नाही.

ज्या मुलांना दिसत नाही किंवा चित्रं समजत नाहीत त्यांना हातात वस्तू द्या. नेदरलँड्समधले शिक्षणतज्ज्ञ यान फान डाइक बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्या मुलांसाठी अशा वस्तूंच्या खुणा वापरत. चमचा म्हणजे जेवण, ठरावीक पट्टा म्हणजे बस, कापडाचा तुकडा म्हणजे वर्गातली सतरंजी. घरी आणि शाळेत एकाच गोष्टीसाठी एकच खूण हवी, नाहीतर मूल गोंधळतं.

शाळेत लागणारी एक गोष्ट मात्र मुलाला नक्की शिकवून पाठवा: 'मदत', 'नको' आणि 'झालं' यांपैकी निदान एक, कोणत्याही मार्गानं सांगता येणं. खुणेनं, चित्र देऊन, बटण दाबून, कसंही. 'नको' सांगायचा सभ्य मार्ग ज्याच्याकडे नसतो ते मूल चावतं किंवा ढकलतं. "चित्रं दिली तर तो कधी बोलणारच नाही" ही भीती अनेक घरांत असते आणि तिच्यापायी मुलांची मोलाची वर्षं जातात. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी याबद्दलच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी अशा साधनांमुळे कुणाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, आणि बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. तेव्हा चित्रं बिनधास्त द्या आणि तोंडानं बोलणंही चालू ठेवा.

बाकी तयारी पटकन होते. वेल्क्रोचे बूट, लवचीक कमरेची पँट, प्रत्येक वस्तूवर नाव, जादा कपड्यांचे दोन जोड. नवं दप्तर, नवे बूट, हाता-पायांना आधार देणारे नवे स्प्लिंट आधी घरी वापरून जुने होऊ द्या. पहिल्या दिवशी नवी असेल ती फक्त शाळा.

पाचवी पायरी: पहिला दिवस आणि पहिले आठवडे

सुरुवात थोड्या वेळानं करायची मुभा शाळेकडे मागा: आधी एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पण वेळ वाढवण्याचा दिवस आधीच ठरवून घ्या. नाहीतर एक तासाची शाळाच महिनोन् महिने चालू राहते आणि पालकांची नोकरी पणाला लागते.

रोज मुलाला हातात घेणारी व्यक्ती पहिले काही आठवडे एकच असू द्या. निरोप छोटा, ठरावीक आणि खरा हवा. एक वाक्य, एक स्पर्श, आणि निघायचं. मूल खेळात गुंतलेलं बघून गुपचूप सटकू नका. त्या दिवशीचं रडणं वाचतं खरं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल खेळायचंच बंद करून दारावर नजर ठेवतं. मूल रडत असताना निघणं फार जड जातं, मला ते रोज दिसतं. दारातून निघाल्यावर पंधरा मिनिटांनी शाळेनं फोन किंवा फोटो पाठवावा, असं आधीच ठरवून घ्या. चांगल्या शाळा हे न मागताही करतात.

बसनं जाणार असेल तर चालकाला आणि बसमधल्या मदतनिसालाही ते ओळखीचं पान द्या. व्हीलचेअर बसला नुसती टेकून चालत नाही. खुर्ची चार बिंदूंना बांधलेली आणि मुलाचा स्वतःचा पट्टा वेगळा, असं हवं. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची नावं आणि फोटो शाळेकडे असू द्या.

सहावी पायरी: घरी आल्यावरचा उद्रेक

"शाळेत शहाण्यासारखा असतो म्हणतात, घरी आला की आदळआपट. म्हणजे आमचंच चुकतं का?" हे मला जवळपास दरवर्षी ऐकू येतं. नाही, तुमचं चुकत नाही. नव्या जागेचे आवाज, सूचना, अनोळखी स्पर्श हे सगळं मूल दिवसभर आवरून धरतं आणि जिथे सुरक्षित वाटतं तिथे ते सुटतं.

म्हणून दारातच "आज काय केलं?" विचारू नका. पहिला अर्धा-पाऊण तास काही मागू नका. खायला-प्यायला द्या, दिवा मंद करा, ज्याला दाब आवडतो त्याला जड पांघरूण किंवा घट्ट मिठी, ज्याला हालचाल हवी त्याला झोका. थेरपीचा गृहपाठ आणि पाहुणे या महिन्यांत संध्याकाळी नकोत. झोप बिघडणं, सुटलेला डायपर परत लागणं, थोडे शब्द कमी होणं, वरचेवर सर्दी-ताप येणं हे सुरुवातीला दिसतं आणि सहसा काही आठवड्यांत निवळतं. ते वाढतच गेलं, मूल खाणं सोडू लागलं किंवा आलेली कौशल्यं झपाट्यानं जाऊ लागली, तर शाळेशी आणि डॉक्टरांशी दोघांशीही बोला.

सातवी पायरी: डायरी

घर आणि शाळेमधली वही हा मुलाचा आवाज आहे. "आज छान होता" या नोंदीतून काहीच कळत नाही. शिक्षिकांना वेळ कमी असतो, म्हणून छापील चौकटी करून द्या: किती खाल्लं, किती पाणी, शू-शी कधी, झोप, फिट, आज कशात रमला, कशानं बिनसलं. खुणा करायला मिनिटभर लागतं. तुम्हीही सकाळी एक ओळ लिहा: रात्री झोपला नाही, औषध बदललं, आजी गावाला गेली. वर्गातलं अर्ध्याहून अधिक 'वागणं' या ओळीमुळे उलगडतं.

वहीत फक्त तक्रारीच येत असतील तर शिक्षिकांना सरळ सांगा, "रोज एक जमलेली गोष्टही लिहा." रोज मुलाच्या चुका वाचून घर खचतं. वहीतला फोटो किंवा वर्गात वापरलेली वस्तू हातात घेऊन मुलाशी दिवसाबद्दल बोला. उत्तर आलं नाही तरी बोला.

सुरक्षिततेचं स्पष्ट बोलायला हवं

२०१२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं झालेल्या आढाव्यात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा ३.७ पट आढळला. घाबरवायला नव्हे, प्रश्न विचारायचं बळ यावं म्हणून हे लिहिते आहे. कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी कशी होते? मूल आवरत नसेल तर धरून ठेवतात का, कोंडतात का, आणि तसं झालं तर त्याच दिवशी पालकांना कळवतात का? तक्रार कुणाकडे करायची?

अंघोळीच्या वेळी अंगावरच्या खुणांकडे सवयीनं लक्ष ठेवा. शाळेत पडल्याचा वळ दिसला तर वहीत नोंद आहे का बघा, नसेल तर तारीख टाकून फोटो काढा आणि लेखी विचारा. एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा खोलीला मूल अचानक घाबरू लागलं, कपडे काढू देईनासं झालं, तर 'तिची सवयच आहे' म्हणून सोडू नका. अवयवांची खरी नावं आणि त्यांच्या खुणा किंवा चित्रं मुलाच्या संवादसाधनात असू द्या. ज्यासाठी शब्दच दिला नाही ते मूल सांगणार कसं?

आठवी पायरी: उद्दिष्टांची बैठक

काही आठवड्यांनी शाळा वैयक्तिक शिक्षण आराखडा करते. बैठकीला शक्यतो दोघांनी जा, किंवा सोबत एखादं जवळचं माणूस न्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. मसुदा दोन दिवस आधी मागा.

उद्दिष्ट वाचून 'हे झालं की नाही ते मला दिसेल का?' असं स्वतःला विचारा. "संवाद सुधारेल" हे कधी झालं ते कुणालाच कळणार नाही. "मधल्या सुट्टीत हवा तो खाऊ चित्र देऊन मागेल, आठवण न करता, पाचपैकी चार वेळा" हे दिसेल. तीन-चार उद्दिष्टं पुरतात. त्यातलं एक तरी घरातल्या जगण्याला हात देणारं असावं: बूट स्वतः काढणं, दात घासू देणं, रात्री एकाच जागी झोपणं. रंग ओळखता येण्यापेक्षा शू सांगता येणं मुलाला जास्त मोकळं करतं, असं माझं ठाम मत आहे. बैठकीत न समजलेला शब्द आला तर तिथेच अर्थ विचारा. पटलं नाही तर सही पुढे ढकला, "घरी वाचून देते" एवढं म्हणणं पुरेसं आहे.

घरातली बाकीची माणसं

बहुतेक घरांत शाळा, दवाखाना, वही, थेरपी हे सगळं एकाच व्यक्तीच्या खांद्यावर येतं, आणि ती बहुधा आई असते. पहिल्या महिन्यातच वाटणी करा. वही एकाची, औषधं दुसऱ्याची, आठवड्यातली एक ने-आण तिसऱ्याची. ज्या बाबांना मुलाबरोबर काय करावं ते सुचत नाही, त्यांनी रोजची एकच गोष्ट पूर्णपणे स्वतःची करावी, अंघोळ किंवा झोपवणं. नातं त्यातूनच जुळतं.

भावंडांना त्यांच्या वयाला समजेल असं खरं सांगा आणि विशेष शाळा त्यांनाही दाखवून आणा. आठवड्यातला थोडा वेळ फक्त त्यांचा ठेवा.

"साध्या शाळेत कधी घालणार?" असं कुणी विचारलं तर लांबलचक समजावत बसायची गरज नाही. "आत्ता तिला जे शिकायचंय ते इथे मिळतंय" एवढं उत्तर पुरतं. आणि हे वाचणारे तुम्ही आजी, काका, मावशी किंवा शेजारी असाल, तर "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. थकलेल्या माणसाला मागणंही जमत नाही. "गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात मी येतो, तुम्ही बाहेर जाऊन या" असं सांगा, आणि त्याआधी दोनदा येऊन मुलाला भरवायला, बसवायला शिका.

त्याच शाळेतल्या जुन्या पालकांपैकी एकाचा नंबर, त्यांच्या परवानगीनं, शाळेकडून मिळवा. कोणता अर्ज आधी करायचा, स्प्लिंट कोण नीट बनवतं, बसमधल्या पट्ट्याचं कुणाशी बोलायचं, हे ज्यांनी केलंय तेच सांगू शकतात. मात्र प्रगतीची तुलना त्यांच्या मुलाशी करू नका, दोन्ही मुलांचं निदान एकच असलं तरी.

मोठ्या सुट्टीच्या आधी

पहिली लांब सुट्टी आली की शाळेत वापरतात ती चित्रं, खुणांची यादी आणि दिवसाचं चित्र-वेळापत्रक घरी मागून घ्या. सुट्टीत शाळा चालवायची नाही, पण मुलाची मागायची पद्धत तीच राहू द्या. शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून उठायची वेळ सरकवा, फोटोंचं पुस्तक परत काढा आणि शाळेच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन या. बूट आणि स्प्लिंट पायाला अजून बसतात का बघा. ओळखीचं पान नव्यानं लिहा, जुन्यातल्या गेलेल्या भीती खोडा, नव्या आवडी घाला, फोटो बदला, तारीख टाका. पुढच्या वर्षी वर्ग किंवा बाई बदलणार असतील तर आत्ताच्या शिक्षिकांनाही त्या पानावर त्यांना कळलेल्या चार ओळी लिहायला सांगा.